मीटरवरचे चौदाशे

५ नोव्हेंबर, रविवार. घरामागच्या सांदवाडीत कोबा टाकायचा म्हणून मिस्त्रीला दोन हजार रुपये बयाणा दिला. हजर तिघं: मी, बायको आणि मिस्त्री. हातातलं काम संपवून तो १७ डिसेंबरला येणार होता.

सांदवाडी बायकोची. वीस वर्षं तिथे पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर तिनेच लावली. उन्हाळ्यात तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला कायमची मनाई केली. पावसाळाभर गवत माजलं. ती मागचं दारच उघडेनाशी झाली. सिमेंट टाकून टाका, हे तीच म्हणाली. आणि बयाणा दिल्यावर, मिस्त्री जाताच, तीच म्हणाली, "तवरक एकदा ते पाइपातलं करून पाहू. नाई जमलं तर कोबा."

मातीशिवाय भाजी लावायची ही पद्धत तिने मोबाइलवर पाहिली होती. कमरेइतक्या उंचीवर आडवे पाइप, त्यांना छिद्रं, छिद्रांत जाळीचे कप, कपात नारळाचा भुसा आणि रोप. टाकीतलं खताचं पाणी लहानसा पंप मुळांवरून फिरवत राहतो. वाकायचं कामच नाही. चंद्रपूरच्या दुकानदाराने सामानाबरोबर खताच्या दोन बाटल्या आणि एक मीटर दिलं. पाण्यात विरघळलेलं किती आहे, ते त्यावर आकड्यात दिसतं. "पालकाले चौदाशे ठेवा," त्याने सांगितलं.

मी पाइप जोडत होतो तेव्हा मिस्त्री रस्त्यावरून जाताना थांबला.

"काऊन भाऊ, संडासाची लाइन बदलून राह्यले का?"

"भाजी लावून राह्यलो."

"पाइपात?" तो हसला. "मंग माया कोब्यावर गहू पेरजा."

मी गडचांदूरला वजनकाट्यावर काम करतो. आकडा दिसला की लिहायचा, ही पंचवीस वर्षांची सवय. टाकी साठ लिटरची. पिण्याच्या पाण्याचं मशीन जे पाणी नळीतून बाहेर सोडतं, ते वाया कशाला घालवायचं, म्हणून मी बादल्यांत साठवलं आणि टाकीत ओतलं. मीटर बुडवलं तर तेराशे दहा. म्हणजे जवळजवळ भरलंच. दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं घातलं, चौदाशे झाले, बाटल्या ठेवून दिल्या. खत इतकं कमी लागतं याचा मला आनंदच झाला. रोज सकाळी-संध्याकाळी आकडा वहीत लिहायचो.

पालक उगवला, दोन पानांचा झाला आणि थांबला. नवीन पान पिवळं यायचं. कपांच्या कडांना पांढरा थर धरला. आकडा मात्र चौदाशेच. महिना संपत आला तेव्हा बायको मागे यायची ती नुसती दारात उभी राहून परत जायची.

"मिस्त्रीले सांगा, लवकर आला तरी चालते," एका सकाळी ती म्हणाली.

मी वही पुढे केली. "पण मीटर बरोबर आहे. हे पाहा, रोजचे चौदाशे."

तिने वही पाहिलीच नाही. कपाच्या कडेचा थर नखाने खरवडला. "हे आपल्या पाणी तापवाच्या गंजाच्या बुडाले बसते, तेच होय. चुना." मग म्हणाली, "तुमच्या काट्यावर ट्रक चढला तर वजन समजते. आत कोळसा हाय का गोटे, काट्याले काय माहीत?"

मी वही मिटली. इथल्या बोअरच्या पाण्यात मुळातच चुना. त्यातून मशीनने चांगलं पाणी आपल्याला दिलं आणि उरलेला सगळा चुना मी काटकसर म्हणून झाडांना पाजला. चौदाशेतलं खत जेमतेम नव्वद. महिनाभर झाडं उपाशी होती आणि मी त्यांची हजेरी लिहीत होतो.

त्याच दिवशी टाकी रिकामी केली, पाइप धुतले, पिण्याच्या पाण्याच्या तीन कॅन विकत आणून ओतल्या. मीटरवर साठ. मग चौदाशेपर्यंत खत मोजून घातलं. बाटल्या चांगल्याच खाली गेल्या. चौथ्या दिवशी मधलं पान हिरवं आलं. मी तिला हाक मारली नाही. ती आपणच आली आणि बराच वेळ पाइपाजवळ सरळ उभी राहिली. त्या दिवसापासून मागचं दार सकाळी तीच उघडते. मला त्या आठवड्यात गाढ झोप लागायला लागली.

१७ डिसेंबरला मिस्त्री घमेलं घेऊन हजर. पाइपांतून वर आलेला पालक पाहून म्हणाला, "बाई, मायं काम घालवलं ना तुमी!"

"काऊन घालवलं? इथी चिखलात माया पाय घसरते. पाइपाच्या बाजूनं चालाले पट्टी टाका."

त्याने तीन फूट रुंद पट्टी टाकली. बाकी जमीन मोकळीच राहिली. मजुरी आणि सामान मिळून बत्तीसशे. बयाण्याचे दोन हजार वजा जाता बाराशे रुपये मिस्त्रीला रोख दिले, आणि बायकोने उभ्या उभ्या खुडलेली पालकाची एक जुडी.