एका मैदानाचे दोन जिल्हे

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. वर्गातल्या शहाण्यांनी नागपुरातल्याच वस्त्या निवडल्या. मला आणि अमोलला मात्र फिरायची खाज. आदिलाबाद जिल्ह्याचे तेव्हा नुकतेच चार जिल्हे झाले होते आणि शेजारशेजारची दोन गावं वेगवेगळ्या जिल्ह्यांत गेल्याचं आमच्या कानावर आलं. आम्ही त्यांना कबड्डीतून जोडायचं ठरवलं. गावं पाहिली नव्हती, पण ‘खेळातून ऐक्य’ असा फ्लेक्स छापून तयार होता.

जाणार असाल तर सकाळची बस धरा आणि उजवीकडची खिडकी घ्या, डावीकडे ऊन लागतं. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, कपाशी मात्र तीच. आदिलाबादहून गुडीहत्नूरला दुसरी बस, पुढे माणशी तीस रुपयांत टमटम. टमटमवाल्याने फ्लेक्स जपून टपावर बांधला आणि आम्हाला आत कोंबलं.

मुक्काम त्या दोनपैकी वरच्या गावात लक्ष्मणदादांकडे होता. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले दादा दोन्ही गावांच्या पोरींना एकाच मैदानावर कबड्डी शिकवतात. फ्लेक्स वाचून ते म्हणाले, “जोडाले आले म्हंता, अन् सामना कोणाचा?”

“वरचं गाव विरुद्ध खालचं गाव,” अमोल ऐटीत म्हणाला.

“अरे बावा, टीम तर एकच हाये! तिच्या दोन काऊन करून राह्यले तुमी?”

मग दादांनी खरी अडचण सांगितली. यंदापासून स्पर्धेच्या संघाची निवड नव्या जिल्ह्यांनुसार होणार, म्हणून आता मैदानंही वेगळी करा, असं गावात काही जण म्हणत होते. रात्री ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढताना दादांची नात रुक्मा म्हणाली, “मॅडम, मंग मी कोनाचा हात धरू?” पकडीच्या साखळीत चार वर्षं ती खालच्या गावच्या वैशालीचा हात धरून उभी राहत होती. मला स्वतःचीच लाज वाटली. पण दोन्ही गावांत दवंडी झाली होती आणि आमच्या सरांना फोटो हवे होते.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचून पोरी थेट मैदानावर आल्या. दोन गावांची माणसं दोन कडुलिंबांखाली वेगवेगळी बसली, म्हणजे आमचं ऐक्य सुरू झालं. दादा तेलुगूत गुण मोजत होते, शिट्टी माझ्याकडे होती. दोन्हीकडच्या पोरींना एकमेकींचे डाव पाठ, त्यामुळे शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरी.

ती चढाई वैशालीची. ‘कबड्डी कबड्डी’ करत ती कोपऱ्यात शिरली. रुक्माने हात पुढे केला आणि तिची बोटं धरली. ना ओढणं, ना झटका. वैशालीही वळून तिच्या शेजारी उभी राहिली, अगदी रोजच्या जागेवर, आणि दोघी मिळून समोरून येणाऱ्या चढाईची वाट बघू लागल्या. येणार कोण? येणारी तर शेजारीच उभी होती.

मैदान खदखदून हसलं. मी शिट्टी तोंडात धरून तशीच उभी.

“मॅडम, आउट नका देऊ, म्या पकडलं नाई! सवयीनं हात घेतला,” रुक्मा रडकुंडीला आली.

“द्या आउट. दम म्याच सोडला,” वैशाली म्हणाली. तिने हात मात्र सोडला नव्हता.

मी आउट दिलं. वरचं गाव एका गुणाने जिंकलं, पण टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. खालच्या गावाच्या लिंबाखालून वैशालीचे वडील उठून दादांकडे आले. “निवडीच्या दिवशी दोन जिल्हे राहू द्या, दादा. बाकी वर्षभर पोरगी इथंच येईल.”

परतताना फ्लेक्स तिथेच ठेवला; दादांनी त्यावर वैशालीच्या घरच्या मिरच्या वाळत घातल्या. अजूनही कोणी घाईत माझा हात धरला की मला ती चढाई आठवते.

नागपुरात सरांनी विचारलं, “प्रकल्पाने काय साधलं?”

मी खरं ते सांगितलं. “सर, ते जोडलेलेच होते. चाळीस मिनिटं आम्ही त्यांना वेगळं केलं होतं.”