कोलमनच्या नावाला ओ

मी नागपूरचा देशमुख. सध्या कॉर्क या आयरिश शहरात औषधांच्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. त्याआधी अमेरिकन आर्मीत होतो. शेवटचं पोस्टिंग अफगाणिस्तान, प्लाटून सार्जंट कोलमन.

अमेरिकेत माझा सावळा रंग पाहून लोक थेट स्पॅनिशमध्येच सुरू होत. रोज खुलासे करण्याचा कंटाळा आला, तेव्हा मी स्पॅनिश शिकूनच टाकली. त्यामुळे प्लाटूनमध्ये रिव्हेराशी गट्टी जमली. त्याच्या घरी स्पॅनिश, पण चार पिढ्या टेक्सासच्याच. तरी आम्ही दोघं बोलायला लागलो की लेफ्टनंट दरडावायचा, "अमेरिकन बोला." एक कॉर्पोरल आजोबांची जर्मन गाणी म्हणायचा, तेव्हा हाच साहेब टाळ्या वाजवायचा. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! कोलमन कृष्णवर्णीय, जॉर्जियाचा. त्याचं साहेबांसमोरचं इंग्रजी वेगळं आणि आईशी फोनवरचं वेगळं. त्याला हे सगळं न सांगता समजायचं.

एका सकाळी पेट्रोलिंगला निघालो असताना गाडीखाली स्फोट झाला. पाठोपाठ गोळीबार. मेडिकने रिव्हेराचा जखमी पाय बांधला, तरी तो पांढराफटक पडत चालला. आणखी कुठे लागलंय, असं मेडिक विचारत होता. रिव्हेरा नुसता बघत होता. त्याचं इंग्रजी पार गेलं होतं.

कोलमन मशीनगनवरून ओरडला, "देशमुख, त्याच्या भाषेत बोल. ऑर्डर आहे."

मी विचारलं. रिव्हेरा स्पॅनिशमध्ये पुटपुटला, पाठ. व्हेस्टखाली दुसरी जखम निघाली. हेलिकॉप्टर आलं आणि रिव्हेरा वाचला. आम्हाला कव्हर देता देता कोलमन गेला.

अमेरिकन आर्मीत शहिदाचं नाव हजेरीत तीनदा पुकारतात. उत्तर कुणी देत नाही, शांतता हीच मानवंदना. अमेरिकेत परतल्यावर आमच्या तळावर कोलमनचं नाव पुकारलं. तिसऱ्या हाकेला कुबड्यांवरचा रिव्हेरा म्हणाला, "प्रेसेंते." त्याच्या लोकांत गेलेल्याची हजेरी जिवंत माणसं देतात. मीही म्हणालो, "हजर." लेफ्टनंट आमच्याकडे वळला. मग टाचा जुळवून तोही म्हणाला, "प्रेसेंते." माझा ऊर अभिमानाने भरून आला, खोटं कशाला सांगू.

यंदा कोलमनच्या स्मृतिदिनी रिव्हेरा कॉर्कला आमच्याकडे होता. जेवणाआधी मी कोलमनचं नाव पुकारलं. माझ्या मुलीला मराठी सगळी कळते, पण उत्तर कायम कॉर्कच्या इंग्रजीत. भूक लागली का विचारलं तरी "आयॅम ग्रँड, बाबा," म्हणजे ठीक आहे, नको.

तिसऱ्या हाकेला रिव्हेराच्या आधी तीच उभी राहिली.

"हजर," ती म्हणाली.