सोडायची की बसवायची

अंधेरीच्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक रंगारी बसला होता. माझ्यासारखाच तोही खांदा दाखवायला आला होता. छतं रंगवून रंगवून त्याचा उजवा खांदा कित्येक वर्षं दुखत होता आणि गोळ्या, इंजेक्शनं सगळं करून झालं होतं. दंडाची बेडकुळी दुसऱ्या हाताने चाचपत तो म्हणाला, "हिला वर खांद्यात बांधून ठेवणारी दोरी झिजलीय. डॉक्टर म्हणतात, कापून नुसती सोडू की कापून खाली हाडाला बसवू, तुम्हीच सांगा. सोडली तर बेडकुळी खाली घसरणार. बसवली तर काम जास्त दिवस बंद."

"मग काय ठरवलंत?"

"कळत नाय. कापल्यावर दुखायचं थांबतं, तर इतकी वर्षं ती आत करत काय होती?"

त्याचा नंबर आला. तो आत गेला आणि थोड्या वेळाने डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

"बसवा म्हटलं," तो म्हणाला.

"का?"

"काय माहीत. अशी सोडून द्यायला बरं नाय वाटलं."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी उठलो खरा, पण डॉक्टरांना काय विचारायचं होतं तेच आठवेना.