मशीन बंद करून बोला

अग्निशमन दलाच्या बिल्ल्याची फाइल सापडत नाही, हे मालकाने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, तेव्हा कारखान्यातली भरतकामाची सगळी मशिनं बंद होती. त्यामुळे पुढचं वाक्यही सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

"फाइलला काही पाय फुटत नाहीत. कोणीतरी समोरच्यांना नेऊन दिली असणार."

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचा भरतकामाचा कारखाना. तिथून कामाला बोलावणं आलं होतं एकट्या डिझाइनवाल्या ताईला. 'मी जात नाही' हेही तिने स्वतःच मालकाला येऊन सांगितलं होतं. त्या प्रामाणिकपणाचं हे फळ. तिचा घास हातातच राहिला. बाकीच्या बायका आपापल्या डब्यात बघू लागल्या. सगळ्यांत जुने मशीनवाले मामा तेवढे म्हणाले, "मालक, बोलताना जरा बघून." मालक ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून गेला.

चित्र आत टाकलं की मशीन आपोआप भरतकाम करतं, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं काही नसतं. टाका कुठल्या दिशेने जाईल, कापड कुठे ओढलं जाईल, दोरा कुठे तुटेल, हे माणसाला बसून ठरवावं लागतं. बिल्ल्यावर ज्वाळा होती, तिच्यामागे शिडी आणि खाली दोराचा वेढा. ज्वाळेच्या डाव्या टोकाशी दोरा तुटायचा. ताईने ते टोक शिवून बघितलं, उसवलं, टाके आखूड केले, पुन्हा शिवलं. मान आखडली तरी सोडलं नाही. आणि ते डिझाइन ती दुसऱ्याच्या हातावर ठेवून येणार?

खरा घोळ कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकाच्या जावयाने नवा कॉम्प्युटर आणला, जुन्यातल्या फाइली त्यात ओतल्या आणि नीटनेटकं दिसावं म्हणून नावं काढून नुसते आकडे घातले. मग फाइल हवी झाली तेव्हा सर्चमध्ये 'अग्निशमन' लिहून बघितलं. काही आलं नाही, म्हणजे फाइलच नाही. नावं पुसणारा तोच, नावाने शोधणाराही तोच. पण जावयाला कोण बोलणार?

ताई मालकाच्या केबिनमध्ये गेली. "मी शोधते."

"हजारो फाइली आहेत. एकेक उघडत बसणार?"

"उघडायला लागत नाही. प्रीव्ह्यूचं सॉफ्टवेअर मिळतं, त्यात न उघडता डिझाइनचं छोटं चित्र दिसतं."

"आणि नाही सापडली तर?"

"सापडली तर काय, तेही विचारा."

मालकाने हातानेच 'शोधा' अशी खूण केली.

एरवी त्या कॉम्प्युटरवर सगळ्या फाइली सारख्याच दिसत: कोरा कागद आणि खाली आकडा. सॉफ्टवेअर घातल्यावर कागदांच्या जागी चित्रं उगवली. गरुड, गुलाब, दवाखान्याचे शिक्के, फुटबॉलच्या संघांची नावं. नेहमीचं काम उरकून ताई त्यापुढे बसायची आणि डोळ्यांत तेल घालून एकेक रांग खाली सरकवायची.

जावई पाठीमागून गेला. "काय ताई, सिनेमा बघताय?"

"हो. दिग्दर्शक तुम्हीच ना, जावईबापू."

शेवटची रांग आली. ज्वाळा नव्हती. फाइल सापडली नाही, तर 'समोरच्यांना दिली' हा ठपका जन्मभर पाठ सोडणार नव्हता. या कारखान्यात नाही आणि दुसऱ्याही नाही.

मामा बॉबिन न्यायला आले आणि तिचा चेहरा बघून थांबले. "काय शोधतेस तू नक्की?"

"शर्टावरचा बिल्ला, मामा. लाल ज्वाळा."

"पण शर्टांनंतर त्यांच्या टोप्या आल्या होत्या. मीच मशीनवर काढल्या."

ताई खुर्चीतच वळली. टोपी मशीनवर उलटी बसते, म्हणून तिचं डिझाइन खालचं वर करून ठेवावं लागतं. "उलटी करून वेगळी ठेवलीत की त्याच फाइलवर?"

"त्याच. टोप्या संपल्या की फिरवणार होतो. राहून गेलं."

"आणि हे आज सांगताय?"

"मला विचारलं कोणी? सगळे चोर शोधत होते."

मशीनच्या फाइलीत रंग नसतात, सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरतं. तेही ताईला तेव्हा आठवलं. लाल आणि सरळ ज्वाळेच्या मागे लागून ती एका हिरव्या जुडीवरून पुढे गेली होती. कुठल्या तरी भाजीवाल्याच्या पिशवीसाठीची मेथी असेल, असं वाटलं होतं. तिने परत जाऊन ती जुडी फिरवली. ज्वाळा, शिडी, दोर. डाव्या टोकाला आखूड टाके.

मालक आला, पडद्याकडे बघितलं. "बरं झालं. लावा कामाला."

"मालक, त्या दिवशी जे बोललात त्याचं काय?"

सगळी मशिनं धडधडत होती. मालकाचे ओठ हलले. 'गैरसमज' एवढा एक शब्द ताईच्या कानावर आला, तोही ती अगदी शेजारी होती म्हणून.

"मामा, जरा थांबवता का?"

मामांनी मशीन थांबवलं. त्यांचं बघून पलीकडच्या बाईने थांबवलं, मग तिच्या शेजारणीने. शेवटचं मशीन थांबल्यावर पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"आता बोला," ताई म्हणाली. "तेव्हाही मशिनं बंदच होती."

मालकाने जावयाकडे बघितलं. जावई मोबाइलमध्ये बघत होता.

"फाइल इथेच होती," मालक म्हणाला. "ताईने कोणाला दिली नव्हती. मी उगाच बोललो."

"शेवटचं मागे ऐकू आलं नाही," मामा म्हणाले.

"उगाच बोललो," मालक मोठ्याने म्हणाला.

ताईने मान हलवली आणि आकडा पुसून फाइलला नाव दिलं: अग्निशमन, टोपी, उलटी.

"बाकीच्यांनाही नावं देऊन टाका, ताई," मालक जाता जाता म्हणाला.

"ज्याने पुसली त्याला बसवा," ताई म्हणाली आणि मामांना मशीन सुरू करायची खूण केली.