खड्ड्यासकट गादी

मी उसवायला कात्री लावणार, तेवढ्यात ती पोरगी गादीवर बसलीच. भर दुकानात. मशीन चालू, कापूस उडून राह्यला अन् ही मांडी घालून.

"काकाजी, फक्त खोळ बदला. कापसाले हात नका लावू."

सिंदी मेघेत माझं गाद्यांचं दुकान. शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथी दोनदा. पण कापूस पिंजण्यात मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पिंजणं म्हणजे दबून गोळे झालेला कापूस मशीनमधून काढून मोकळा करायचा. गादी पुन्हा फुगते. आमच्या धंद्यात नवी खोळ म्हटलं की पिंजणं आलंच. नुसती खोळ बदलायची म्हणजे आंघोळ न करता नवा सदरा घालणं.

गादीत एका बाजूला हा खड्डा. मी म्हटलं, "हे पाय. इथं माणूस झोपत होता का म्हैस?"

"आई झोपत होती. संक्रांतीच्या आधी गेली."

मी मशीन बंद केली. म्हैस मात्र तोंडातून निघून गेलेली.

पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. बाप लहानपणीच गेलेला. मावशी म्हणे, गेलेल्याचं अंथरूण घरात ठेवू नये, देऊन टाक. खोळ फाटून कापूस बाहेर येत होता. पण तिला झोप लागायची ती त्या खड्ड्यातच.

शहाण्या माणसानं लगेच हो म्हटलं असतं. मी फिनिशिंगवर भाषण दिलं. अशी गादी बाहेर गेली तर दुकानाचं नाव जाईल, म्हटलं. तिनं सगळं ऐकलं अन् तशीच बसून राह्यली. हट्टात मला भारी पडणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

शेवटी जुन्या खोळीवरूनच नवी चढवली. कापूस सरकू नये म्हणून आम्ही आरपार टाके मारतो. जुने टाके बोटांनी चाचपून नवे बरोबर त्यांच्यावरच मारले. वाईट गादी बनवायला एवढी मेहनत जन्मात घेतली नव्हती.

देताना सांगितलं, "कोणी पुसलं त माझं नाव नको सांगजो."

पोळ्यानंतर ती गादी घेऊन परत आली. मला वाटलं, भांडायला.

"काकाजी, आता पिंजून द्या."

"काऊन? मावशी बोलली?"

"नाई. मी झोपून झोपून खड्डा पसरला. आई बारीक होती. आता तो माझाच झाला." हसता हसता तिनं ओढणी तोंडाला लावली.

कापूस असा फुगला की खोळीत मावेना. मी छाती काढून म्हटलं, आता सांग सगळ्यांले माझं नाव.

"ते मी पहिलेच सांगतलं. खड्डा न मोडता गादी शिवते असे एक काकाजी हायेत म्हणून."

म्हणजे माझ्या सगळ्यात वाकड्या कामाचा गावभर डंका, अन् मी इकडे तोंड लपवून.

तेव्हापासून कात्री उचलायच्या आधी मी विचारतो, यावर कोण झोपत होतं? बहुतेक गिऱ्हाईक म्हणतात, तुम्हाले काय करायचं? बरोबरच आहे त्यांचं. पण विचारतो.