मदरबोर्डापुढचा कूलर

लग्नसराई आली की लोकांना हुरूप येतो, मला आमच्या कॉम्प्युटरची धडकी भरायची. आमच्या गावी, चारठाण्यात, घरी बसून मी लग्नपत्रिका कंपोज करायचे. मशीन जुनंच घेतलेलं, आणि त्याचा मदरबोर्ड भारी लहरी. निमंत्रक झाले, समस्त भाऊबंद झाले, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली टाईप झाली, की पडदा काळा. भाऊबंदांतलं एक नाव सुटलं तरी मांडवात भांडणं होतात. इथं अख्खा मांडवच गायब. पुन्हा पहिल्यापासून बसायचं. वैताग नुसता.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, मात्र या डबड्याचा भारी अभिमान. त्यांची सगळी उमर दुसऱ्यांच्या रानात गेली. "माझी सून खुर्चीवर बसून कमावती," असं त्या गावभर सांगायच्या. मशीन कायमचं बंद पडलं तर मलाही बायकांबरोबर रोजानं जावं लागेल, ही धास्ती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती.

तर मी ते मशीन गोधडीत गुंडाळायचे, एसटीत मांडीवर घ्यायचे आणि परभणी गाठायचे. "लेकराचं हाफ तिकीट फाडू का, ताई?" कंडक्टरनं विचारलं. पुढच्या खेपेला म्हणाला, "लयच आजारी पडायलंय की तुमचं लेकरू." हसायचं त्राण कुणाला होतं! दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर बटण दाबलं की मेलं लगेच सुरू. "ह्यात तर कायबी बिघाड न्हाई," तो म्हणायचा. घरी आणलं की पुन्हा काळा पडदा. माणसाला खोटं पाडायचं म्हणजे किती!

एका खेपेला त्याच्या एसीत बसल्यावर माझंच डोकं दुखायचं थांबलं, तेव्हा सुचलं. आमची खोली पत्र्याची. ऐन उन्हाळ्यात तिथं माणूस भाजून निघतं, मग बोर्डाचं काय! "असंल. थंड जागी ठिवून बघा," तोही म्हणाला.

मी हे घरी बोलले मात्र, आत्याबाईंनी आपल्या खाटेजवळचा कूलर ओढत आणला आणि टेबलाला लावला. मी नको नको म्हणत होते. "मला उन्हाची सवय हाय. तू तुझं काम कर," म्हणाल्या, आणि रोज दुपारभर ओला पदर डोक्यावर घेऊन दारात बसू लागल्या. मधेमधे उठून कूलरमध्ये पाणी तेवढं ओतायच्या.

आणि चाललं की हो मशीन! पत्रिकांवर पत्रिका निघाल्या. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. मग एका सकाळी बटण दाबलं तर आतला पंखासुद्धा फिरेना.

दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवलं. बोर्डावर हिरवट गंज चढला होता. "ह्याला पाणी कुठं लागलं?" मी कूलरचं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. कूलरची ओली हवा थेट आत गेली होती. बोर्ड मेला, आणि इतका जुना बोर्ड आता कुठं मिळत नाही, म्हणाला.

बसमध्ये मी ठरवलं, आत्याबाईंना हे सांगायचं नाही. घरी येऊन म्हणाले, "उन्हानं गेलं. संपलं आता." आणि शेजारणीला सांगून आले, की उद्यापासून मीही हळदीच्या रानात रोजानं येते.

परत आले तर आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या. "मीच मारलं गं त्याला," म्हणाल्या. "परवा मला लय गरगरायलं. तू पाण्याला गेलती, तवा घटकाभर कूलर माझ्याकडं वळवला. तुला सांगितलं न्हाई."

मी त्यांच्याजवळ बसले. मग घडाघडा खरं सांगून टाकलं. देवाशपथ, ते ओल्या हवेनं गेलं, तुम्ही वळवलात तेवढाच वेळ ते बिचारं सुखात होतं.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "माझं मन राखायला बोलायलीस," म्हणाल्या.

मी परोपरीनं समजावलं. पटलं नाही ते नाहीच. सकाळी जाग आली तेव्हा त्या डोक्याला फडकं बांधून, भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या, आणि हळद वेचायला निघालेल्या बायकांना सांगत होत्या, "सूनबाईला ऊन सोसत न्हाई. तिच्या जागी मी येते."