दिगंबरचं चित्र आणि वहिनींवरचा आळ

दिगंबर गेल्याचं मला मिलमध्ये कळलं. मग पेपरच्या पुरवणीकडून निरोप आला, जिवलग मित्र म्हणून चार शब्द लिहा. महिनाभर लिहून फाडत होतो, कारण पहिलंच वाक्य हातून उतरत नव्हतं. ते असं आहे... दिगंबरचं चित्र मी चोरलं, आणि आळ त्याच्या बायकोवर येऊ दिला.

आम्ही दोघे धुळ्याचे. साठ-बासष्टच्या सुमारास सुरतेला आलो आणि एकाच छपाई मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढू लागलो. तीन वर्षांत त्याने नोकरी सोडली, अमूर्त चित्रं काढू लागला आणि मुंबई-दिल्लीत त्याचं नाव झालं. घर इंदूवहिनींच्या शाळेतल्या नोकरीवर चाले. मी कोयऱ्याच काढत राहिलो.

एका दिवाळीआधी शेठ नव्या डिझाइनसाठी मागे लागले होते. मी दिगंबरकडे गेलो, तो घरी नव्हता. वहिनींनी कौतुकाने कपाट उघडून त्याची नवी चित्रं दाखवली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात मी पिशवीतला ट्रेसिंग पेपर एकावर ठेवून ते उतरवून घेतलं. साडीवर कोण ओळखणार, असं मनाला सांगितलं. खरं तर... त्याचं चित्रही शेवटी पाचवारीतच बसतं, हे मला बघायचं होतं. शेठ म्हणाले, "आ चालशे." आणि ती साडी खरंच चालली.

मुंबईच्या प्रदर्शनात त्याच चित्रासमोर एक बाई तीच साडी नेसून उभी राहिली. लोक हसले. कोणीतरी विचारलं, "दिगंबरराव, ब्लाउजपीस वेगळा मिळतो का?"

सुरतेला परतल्यावर तो वहिनींना घेऊन थेट माझ्या दारात आला. सगळी चाळ बघत होती. "ही म्हणते, कपाट फक्त तुला उघडून दाखवलं. खरं का रे?"

"छे. मी दारातूनच परत गेलो," मी म्हणालो. "डिझाइन शेठनी बाहेरून विकत घेतलं. वहिनी, दुसरं कोणी आलं असेल. आठवून बघा."

 दिगंबरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी खरं बोललास."

त्याच आठवड्यात त्याने त्यांना बारडोलीला भावाकडे पाठवलं, ते कायमचं. पुढची नऊ वर्षं तो काढलेलं प्रत्येक चित्र काळ्या रंगाने झाकायचा, पुन्हा कोणी उचलू नये म्हणून. समीक्षकांनी त्यालाच त्याचा श्रेष्ठ काळ म्हटलं. तो पीत राहिला, मी डबा पोचवत राहिलो. लोक म्हणत, मित्र असावा तर असा.

मागच्या आठवड्यात बारडोलीला गेलो. वहिनी मुलांच्या वह्या तपासत होत्या. मी सगळं सांगून हात जोडले. त्यांनी हातातलं लाल पेनही खाली ठेवलं नाही.

"इथे खोलीत काय सांगता, भाऊजी? मला खोटं पाडलंत ते अख्ख्या चाळीसमोर. नऊ वर्षं माझी भावजय आल्या-गेल्याला सांगते, हिनं नवऱ्याचं चित्र विकलं. ती रोज पेपर वाचते. तिथे लिहा."

म्हणून लिहितो. इंदूवहिनींनी काही विकलं नाही. मित्र समजून त्यांनी मला घरात घेतलं. चित्र मी उचललं, आणि त्या खरं बोलत असताना मी त्यांना खोटं ठरवलं. वहिनी, मला क्षमा करा.